छोटी गोळी सोडून

घरात सगळे त्यांना कळलंराव म्हणत. समोरचा माणूस अर्ध्या वाक्यात असतानाच "कळलं, कळलं" म्हणून मोकळं व्हायचं ही त्यांची जुनी खोड. दुकानदार भाव सांगत असो, प्लंबर नळाचं दुखणं सांगत असो की रेडिओवरचा माणूस उद्याचं हवामान सांगत असो, शेवटपर्यंत ऐकून घेणं म्हणून त्यांना माहीतच नव्हतं. बायको म्हणायची, "ह्यांच्याशी बोलताना वाक्य उलटं सुरू करावं. महत्त्वाचं आधी, बाकीचं गेलं तरी चालतं."

धंदा मात्र असा निवडला होता की त्यात ही खोड खपून जावी. ते गाडी शिकवत. एकच गाडी, छपरावर लाल अक्षरांचा फलक, आणि डावीकडच्या सीटच्या पायाशी मास्तरांसाठी बसवलेला वेगळा ब्रेक. शिकणारा उजवीकडे घाम गाळत असायचा आणि कळलंराव डावीकडे बसून त्याच्याआधी ब्रेक दाबत असायचे. त्यांच्याकडून शिकून गेलेली निम्मी मंडळी पुढे स्वतःची गाडी घेतल्यावर चकित व्हायची, की ही आपोआप थांबत का नाही.

लहानपणी मात्र हाच माणूस एक वाक्य धड बोलू शकत नव्हता, हे आता सांगून कुणाला पटलं नसतं. जीभ अडायची. "प" आला की संपलंच, ओठ मिटून राहायचे आणि चेहरा लाल व्हायचा. घरी आलेला प्रत्येक शहाणा मग वाक्य पुरं करायला धावायचा. "पाणी का? पेन्सिल का? पतंग का?" तेव्हा त्यांच्याहून सात वर्षांनी मोठी असलेली ताई कमरेवर हात ठेवून उभी राहायची आणि पाहुणा असो की बाबा असोत, सरळ सुनवायची, "त्याचं त्याला बोलू द्या. कुणाची गाडी सुटत नाहीये." मग ती समोर बसायची आणि वाट बघायची. मदत करायची नाही, डोळे वटारायची नाही, घड्याळाकडे बघायची नाही. शब्द यायचा तेव्हा यायचा. "कळलं" हा एकच शब्द त्यांना कधी अडला नाही, म्हणून तो ते दिवसभर वापरत, आणि पुढे जीभ सुटली तरी तो शब्द काही सुटला नाही.

ताईचे यजमान गेल्यापासून ती भावाच्याच घरात वरच्या खोलीत राहत होती. चष्म्याच्या दुकानात काउंटरवर बसायची. समोरच्याच्या नाकावर फ्रेम चढवायची, दोन पावलं मागे सरायची, डोकं कलतं करून बघायची आणि म्हणायची, "ही नको. ह्यात तुम्ही रागावल्यासारखे दिसता." माणसं तिच्यासाठी त्या दुकानात यायची. चौसष्टाव्या वर्षीही मालक तिला घरी बसू देईना, आणि तिलाही घरी बसायचं नव्हतं.

तिच्या मागे दुखणी दोन. एक रक्तदाबाचं, ते जुनं आणि गुणी होतं. सकाळी दोन गोळ्या घेतल्या की दिवसभर तोंड वर काढायचं नाही. एक गोळी मोठी, लांबोडकी. दुसरी इतकी छोटी की बोटांतून निसटली तर केरसुणी घेऊन शोधावी लागायची. नावं कुणाच्या लक्षात राहतात? घरात ती मोठी आणि छोटी. दवाखान्यात डॉक्टरांशी बोलतानाही ताई मोठी आणि छोटीच म्हणायची. दुसरं दुखणं नवं आणि वाह्यात. पित्ताशयात खडे झाले होते. मनासारखं काही खाल्लं की बरगडीखाली अशी कळ यायची की ताई भिंतीला धरून उभी राहायची. शेवटी शस्त्रक्रिया करून घ्यायचं ठरलं. घाई कशाचीच नव्हती. तारीख आपल्या सोयीने घेतली होती, पुढच्या आठवड्यातली. ताई म्हणाली, "एकदा ते पित्ताशय गेलं ना, की मी दोन अंडी लोण्यात तळून खाणार आहे. कुणी बोललात तर तीन."

तपासण्या झाल्या. भूल देणाऱ्या डॉक्टरबाईंनी ताईला तपासलं, गोळ्या हातात घेऊन बघितल्या आणि सांगितलं, की हृदयाची ईसीजीची पट्टी नीट बघून कोणती गोळी चालू ठेवायची, कोणती बंद करायची ते फोनवर कळवते. ताईने नंबर भावाचा दिला. "दुकानात माझा फोन ड्रॉवरमध्ये असतो. हा सारखा रस्त्यावर असतो, ह्याला लगेच लागेल," ती म्हणाली. तेवढं एक तिने चुकीचं केलं, आणि तेही भावावरच्या भरवशाने.

फोन आला तेव्हा शस्त्रक्रियेला तीन दिवस उरले होते आणि कळलंरावांच्या शेजारी भूगोलाच्या बाई गाडी चालवत होत्या. जगातल्या सगळ्या नद्या कुठून कुठे वाहतात ते त्या झोपेत सांगतील, पण "डावीकडे घ्या" म्हटलं की त्यांचे हात उजवीकडे जात. समोर चौक. चौकात सामानाने भरलेला टेम्पो. कळलंरावांनी एक पाय ब्रेकवर ठेवला आणि फोन कानाला लावला.

"तुमच्या बहिणीची पट्टी बघितली. काळजीचं काही नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या. "आता गोळ्यांचं नीट ऐकून घ्या. मोठी गोळी आदल्या दिवसापासून बंद करायची. ती पोटात असली की भूल दिल्यावर प्रेशर फार खाली उतरतं."

"कळलं. बाई, आरशात बघा! हां, बोला डॉक्टर."

"आणि छोटी गोळी सोडून—"

टेम्पोवाल्याने हॉर्नवर जो हात ठेवला तो काढेचना. भूगोलाच्या बाईंनी स्टिअरिंग सोडून दोन्ही हात कानांवर ठेवले. कळलंरावांनी ब्रेक दाबला, उजव्या हाताने स्टिअरिंग धरलं, टेम्पोवाल्याला दोन शब्द ऐकवले आणि फोनमध्ये म्हणाले, "कळलं, कळलं. छोटी सोडून."

फोनमधून पुढचं काहीतरी आलं. सकाळी काही घ्यायचं नाही एवढं ऐकू आलं, मग घोटभर पाण्याचं काहीतरी होतं. टेम्पो अजून ओरडतच होता.

डॉक्टरबाई मात्र कच्च्या नव्हत्या. त्या म्हणाल्या, "मी काय सांगितलं ते एकदा म्हणून दाखवा बघू."

"मोठी आदल्या दिवसापासून बंद. छोटी सोडून सकाळी काही घ्यायचं नाही."

"अगदी बरोबर," डॉक्टरबाई म्हणाल्या आणि फोन ठेवला.

आता ह्याला काय म्हणावं? दोघांच्या तोंडात शब्द तेच होते, अक्षराचा फरक नव्हता. डॉक्टरबाईंच्या बोलण्याचा अर्थ, त्या सकाळी छोटी गोळी तेवढी घ्या, तिच्याशिवाय दुसरं काही तोंडात घालू नका. कळलंरावांच्या डोक्यात बसलेला अर्थ, छोटी गोळी घेणं सोडून द्या, आणि सकाळी काही खाऊपिऊ नका. त्यांनी तर त्यावर हिशेबही बसवला. मोठीला दिवस सांगितला, छोटीला सांगितला नाही, म्हणजे छोटी लगेचच सोडायची. एवढं तर्कशुद्ध डोकं त्यांनी आयुष्यात दुसऱ्या कुठल्या कामी लावलं नव्हतं.

संध्याकाळी ताई दुकानातून आली, चपला काढून खुर्चीत टेकली, तेव्हा त्यांनी ऐटीत जाहीर केलं, "डॉक्टरबाईंचा फोन आला होता. छोटी उद्यापासून सोडायची. मोठी आदल्या दिवशी बंद."

ताईने चष्मा काढून पदराने पुसला. "छोटी? अरे, आपले डॉक्टर तर म्हणतात, जेवण चुकलं तरी चालेल, पण ही चुकवू नका. एकदम थांबवली तर हृदय उधळतं म्हणाले होते."

"ते आपले साधे डॉक्टर. भुलीचं भुलीच्या डॉक्टरला जास्त कळणार की त्यांना?"

"तू नीट ऐकलंस ना?"

"मी म्हणूनसुद्धा दाखवलं. अगदी बरोबर म्हणाल्या."

"तरी एकदा फोन करून विचार ना. माझ्यासाठी."

"कळलं गं," कळलंराव म्हणाले आणि टीव्हीचा आवाज वाढवला. त्या "कळलं"चा अर्थ त्या घरात सगळ्यांना माहीत होता. फोन होणार नाही, असा. ताईने आणखी एकदा म्हटलं असतं तर कदाचित केला असता त्यांनी. ती म्हणाली नाही. लहानपणापासून ह्या भावाच्या शब्दावर विश्वास ठेवायची तिला सवय होती, कारण तो किती कष्टाने बाहेर यायचा ते तिने पाहिलं होतं.

दुसऱ्या दिवशी ताईच्या छातीत थोडी धडधड झाली. त्याच्या पुढच्या दिवशी जास्त. जिना चढून आली तर श्वास लागला. कळलंरावांची बायको म्हणाली, "ताई, तुमचा चेहरा लाल दिसतोय." कळलंरावांनी पेपरातून डोकं वर न काढता निकाल दिला, "ऑपरेशनची भीती. दुसरं काही नाही. माझ्याकडे परीक्षेच्या आधी सगळे असेच लाल होतात." ताई हसली आणि छातीवर हात ठेवून वर झोपायला गेली.

शस्त्रक्रियेच्या सकाळी ताईने पाण्याचा थेंब घेतला नाही. दवाखान्यात तिला हिरवा अंगरखा घालून पलंगावर निजवलं, दंडाला पट्टा गुंडाळला, आणि नर्सने यंत्राकडे बघितलं, परत पट्टा आवळला, परत बघितलं आणि काही न बोलता डॉक्टरबाईंना बोलवायला गेली. वरचा आकडा दोनशेच्या पुढे. नाडी धावत सुटलेली.

डॉक्टरबाई आल्या. उंच, घाईत असल्या तरी आवाज न चढवणाऱ्या. त्यांनी स्वतः दोनदा मोजलं. मग विचारलं, "ताई, छोटी गोळी घेतलीत ना सकाळी? ती सोडून बाकी काही नको, असं मी ह्यांना सांगितलं होतं."

कळलंराव पलंगाच्या पायाशी उभे होते. ते वाक्य ह्या वेळी शांत खोलीत, मध्ये टेम्पो नसताना, त्यांच्या कानावर पडलं आणि त्याचा अर्थ जिथे बसायचा तिथे बसला. त्यांनी ताईकडे बघितलं. ताई त्यांच्याकडेच बघत होती. तिलाही कळलं होतं. तिचे डोळे क्षणभर त्यांच्यावर थांबले, चष्मा नव्हता तरी थांबले, आणि मग ती डॉक्टरबाईंकडे वळून अगदी साध्या आवाजात म्हणाली, "नाही हो. मीच विसरले. सकाळच्या गडबडीत राहून गेली."

"फक्त आजची राहिली?"

"आजचीच."

डॉक्टरबाईंच्या कपाळावर आठी उमटली. "एक गोळी चुकली म्हणून एवढं चढायला नको," त्या स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाल्या. मग कळलंरावांकडे वळल्या. "घरी काल-परवा सगळं व्यवस्थित होतं ना?"

बोलायची वेळ होती तर ती हीच होती. एवढंच म्हणायचं होतं, की डॉक्टर, चूक माझी आहे, गोळी तीन दिवस बंद आहे. एक वाक्य. त्यांच्या ओठांपर्यंत ते आलंही. पण ताई आत्ताच जे बोलली होती ते खोटं पडलं असतं, नर्ससमोर, वॉर्डबॉयसमोर, आणि एवढा मोठा माणूस साधा निरोप नीट ऐकू शकत नाही हे सगळ्यांना दिसलं असतं. पन्नास वर्षांपूर्वी अडायचे तसे ओठ अडले. त्यांनी नुसती मान हलवली. व्यवस्थित होतं.

डॉक्टरबाई ताईला थोडं रागावल्या. एवढी महत्त्वाची गोळी, तुम्ही इतक्या शिकल्यासवरलेल्या, असं कसं विसरता? ताई शाळेतल्या मुलीसारखी ऐकून घेत होती. आज भूल देता येणार नाही, त्या म्हणाल्या. छोटी गोळी तिथेच दिली, दुपारपर्यंत ठेवून घेतलं, दर थोड्या वेळाने पट्टा आवळत राहिले. आकडा उतरला, पुरता नाही, पण उतरला. "भीतीनेही चढतं कधी कधी," डॉक्टरबाई म्हणाल्या. "आता गोळी पोटात गेली आहे. घरी जा, विश्रांती घ्या, उद्या सकाळी दाखवायला या. तारीख पुढची घेऊ."

गाडीत ताई डावीकडे, मास्तरांच्या सीटवर बसली होती. पायाशी तो दुसरा ब्रेक. मग ताईने गंमत म्हणून पाय पुढे करून ब्रेकला नुसता स्पर्श केला आणि म्हणाली, "म्हणजे माझी अंडी लांबली."

कळलंराव रस्त्याकडे बघत राहिले. माफी मागायची होती. "ताई" एवढं म्हणून त्यांनी सुरुवात केलीही, तेवढ्यात मागून कुणीतरी हॉर्न दिला, सिग्नल हिरवा झाला होता. घरी गेल्यावर बोलू, असं त्यांनी ठरवलं. घरी गेल्यावर, ती जरा पडली की बोलू, असं ठरवलं. ठरवण्यात त्यांचा हात कुणी धरू शकला नसता.

ती उठून खाली आली तेव्हा ऊन उतरलं होतं. बायको दुकानातून काही आणायला गेली होती. ताईने स्वतःच चहा केला, टेबलाशी बसली, कप उचलला. कळलंराव समोर बसले. आता बोलायचंच, म्हणून त्यांनी घसा साफ केला.

ताईच्या हातातला कप कलंडला. चहा टेबलावरून ओघळत तिच्या मांडीवर गेला आणि ती बघत राहिली, जणू तो कप दुसऱ्याच कुणाचा होता. मग तिने तोंड उघडलं. "प... प..." ती म्हणाली.

आणि इथे कळलंरावांनी जे केलं ते त्यांनी पुढे बायकोलाही सांगितलं नाही. त्यांना वाटलं, ताई आपली नक्कल करतेय. सकाळचा ताण हलका करायला, लहानपणच्या त्यांच्या अडण्याची थट्टा करतेय. त्यांना हायसं वाटलं, हसूसुद्धा आलं. "कळलं, कळलं," ते म्हणाले, "पाणी ना? आणतो." आणि ते उठून आत गेले, पेला विसळला, भरला, सावकाश बाहेर आले. तोवर ताई खुर्चीतून एका बाजूला कलली होती आणि तिच्या ओठाचा उजवा कोपरा खाली ओघळला होता.

ती "पाणी" म्हणत नव्हती, एवढं त्यांना आता माहीत आहे. काय म्हणत होती, ते माहीत नाही. हे वाक्य त्यांनी पुरं केलं आणि ते चुकीचं पुरं केलं.

तातडीच्या विभागात तरुण डॉक्टर होता. मेंदूत रक्तस्राव आहे, तो म्हणाला, आणि धडाधड प्रश्न विचारू लागला. प्रेशरच्या गोळ्या कोणत्या? नियमित होत्या? मध्ये खंड पडला होता? कळलंरावांनी ह्या वेळी सगळं सांगितलं. त्यांचं बोलणं कुणी मध्ये तोडलं नाही. तीन दिवस छोटी गोळी बंद होती, ती मीच बंद करायला सांगितली, मी चुकीचं ऐकलं.

सकाळच्या डॉक्टरबाई खाली आल्या होत्या, दाराशी उभ्या राहून ऐकत होत्या. "पण सकाळी तर तुम्ही एकच चुकली म्हणालात," त्या म्हणाल्या.

"ती म्हणाली. मी गप्प राहिलो."

त्या दोन पावलं आत आल्या. मग हळू आवाजात म्हणाल्या, "ती गोळी एकदम तुटली की प्रेशर उसळी मारतं. तीन दिवस बंद आहे एवढं कळलं असतं ना, तर मी त्यांना घरी सोडलं नसतं." आणि माणूस म्हणून चांगल्या होत्या, म्हणून लगेच पुढे म्हणाल्या, "तरी हे त्यानेच झालं असं खात्रीने कुणालाच सांगता येणार नाही. आणि मीही तुम्हाला वेगळ्या शब्दांत सांगायला हवं होतं." त्यांनी आपल्या वाटणीचं ओझं असं सहज उचलून घेतलं, आणि कळलंरावांना त्या क्षणी त्यांचा हेवा वाटला.

ताई वाचली. उजवा हात लुळा पडला, उजवा पाय फरफटत चालू लागला आणि बोलणं गेलं. सगळं समजतं, डॉक्टर म्हणाले, पण शब्द सापडत नाहीत. पित्ताशयाचं आता कुणी नाव काढत नव्हतं. चष्म्याच्या दुकानाचा मालक भेटायला आला, ताईच्या चष्म्याची सैल झालेली काडी त्याने तिथेच बसून घट्ट केली आणि डोळे पुसत गेला.

घरात सगळे मदतीला धावत. पाहुणे आले की ताईने नुसता ओठ हलवला तरी लोक सुरू करायचे. "भूक लागली का? पंखा लावू का? थंडी वाजते का?" ताई डोळे मिटून घ्यायची. एके दिवशी शेजारची बाई अशीच एकामागून एक शब्द सुचवत होती, तेव्हा कळलंराव खुर्चीतून उठले आणि जरा मोठ्यानेच बोलले, "तिचं तिला बोलू द्या. कुणाची गाडी सुटत नाहीये." बोलून झाल्यावर आपण काय बोललो ते त्यांच्या लक्षात आलं. ते स्वयंपाकघरात गेले आणि नळ सोडून उभे राहिले.

गाडी शिकवताना ते आता गप्प असत. भूगोलाच्या बाई परवाना मिळवून गेल्या; जाताना म्हणाल्या, "सर, तुम्ही हल्ली ब्रेक दाबत नाही, म्हणून मला दाबायला आला बघा."

छोटी गोळी ते रोज सकाळी स्वतः ताईला देत. तळहातावर ठेवत, तिने गिळली की पेला परत घेत. ती कधी त्या गोळीकडे बघायची, कधी त्यांच्याकडे. काय बघत होती ते विचारायचा त्यांना धीर नव्हता. बायको म्हणायची, "एकदा बोलून टाका हो त्यांच्याशी. त्या बोलू शकत नाहीत, ऐकू शकतात." ते मान हलवायचे. "कळलं" म्हणायचं त्यांनी सोडलं होतं. आता घरात त्यांना कळलंराव म्हणून कुणी हाक मारत नसे, आणि त्याची चुटपुट त्यांच्याहून इतरांनाच जास्त होती.

बोलणं शिकवणाऱ्या बाईंकडे ताईला आठवड्यातून दोनदा न्यावं लागे. त्या चित्रं दाखवायच्या आणि ताई एखादा शब्द ओढून आणायची. "कप." "दार." कधी चित्र दाराचं आणि शब्द कपाचा. एका सकाळी कळलंरावांनी त्या इमारतीसमोर गाडी थांबवली आणि खाली उतरायच्या ऐवजी इंजिन बंद करून बसून राहिले. ताई डावीकडे, पायाशी तो ब्रेक. तिचा उजवा हात दोन सीटांच्या मध्ये पडला होता. त्यांनी तो आपल्या हातात घेतला.

"ताई," ते म्हणाले, "मी चुकीचं ऐकलं होतं. तू परत विचार म्हणालीस, मी नाही विचारलं. त्या सकाळी तू माझ्यासाठी खोटं बोललीस आणि रागावून घेतलंस, आणि मी... मी प... पा... पायाशी उभा राहून बघत बसलो."

इतक्या वर्षांनी जीभ अडली होती. ताई त्यांच्याकडे वळून बघत होती. तिने मध्ये आवाज केला नाही. त्यांचं सगळं बोलून होईपर्यंत ती थांबली, पूर्वी थांबायची तशीच. त्यांच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि तिचा हात त्यांनी घट्ट आवळून धरला होता.

मग ताईचे ओठ हलले. कपाळावर घाम आला. "सो..." ती म्हणाली. थांबली. गळ्याची शीर ताठ झाली. "सोड."

सोड. हात दुखतोय, तो सोड? की जे झालं ते आता सोड? की मला सोड, जाऊ दे, माझ्याशी बोलू नकोस? ओठांवर तो जुना शब्द आला होता, आयुष्यभर न अडलेला, आणि एका क्षणात त्यांनी ह्यातला जो हवा तो अर्थ घेऊन टाकला असता. त्यांनी तो शब्द गिळला.

त्यांनी आपली मूठ हळूच उघडली. ताईचा हात त्यांच्या तळहातावर तसाच राहिला, मागे गेला नाही. पण तो उजवा हात होता. त्याला मागे जाता येतच नव्हतं.

"काय सोडू, ताई?" त्यांनी विचारलं.

ती शब्द शोधत होती. मागून कुणीतरी हॉर्न वाजवला, मग परत वाजवला. कळलंरावांनी आरशात बघितलं नाही. वाट बघत ते तिच्यासमोर बसून राहिले.